प्रमाण आणि ठिकाण : मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील मायक्रोआरएनए



मोठ्या आतड्याचा आणि मलाशयाचा कर्करोग जगात रुग्णसंख्येच्या दृष्टीने तिसऱ्या आणि मृत्यूंच्या दृष्टीने दुसऱ्या क्रमांकावर आहे. २०२२ या एका वर्षात जगभरात त्याचे १९ लाखांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. हा रोग एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी एक लहानशी गाठ येते, तिला आपण पॉलिप म्हणतो. तिचा कर्करोग व्हायला बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ जातो. या दहा वर्षांत आत नेमके काय चाललेले असते? १९९० साली फिअरन आणि फोगेलश्टाइन यांनी याचे एक स्पष्ट उत्तर दिले. डीएनएमध्ये एकामागून एक बिघाड साचत जातात, बहुधा आधी एपीसी या जनुकात, मग केरासमध्ये, पुढे पी-५३ मध्ये, आणि प्रत्येक बिघाडागणिक गाठ एक पायरी पुढे सरकते. हे उत्तर आजही खरे आहे. पण ते पुरे आहे का? जनुक बिघडले की नाही हे त्यातून कळते. त्या जनुकाचे प्रथिन किती बनते आणि कुठल्या पेशीत बनते, हे कळत नाही. मायक्रोआरएनए नावाच्या अगदी छोट्या रेणूंनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नेमके हेच दोन प्रश्न पुढे आणले. मला आज एकच गोष्ट पुराव्यानिशी मांडायची आहे. आतड्याच्या कर्करोगात कुठलाही मायक्रोआरएनए स्वतः दुष्ट नसतो आणि रक्षकही नसतो. तो किती आहे आणि कुठल्या पेशीत आहे, यावरून त्याचे काम ठरते. हे ध्यानात न घेता त्यांच्या याद्या केल्यामुळे या क्षेत्राने बरीच वर्षे आणि बराच पैसा चुकीच्या जागी खर्च केला, असे माझे मत आहे.

हे रेणू आहेत तरी काय, ते आधी पाहू. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीवर काम करत होते. त्या कृमीच्या वाढीचे वेळापत्रक सांभाळणारे लिन-४ हे जनुक कुठलेही प्रथिन बनवत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून बनतो तो जेमतेम बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा. तो दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशाला चिकटतो आणि त्या जनुकाचे प्रथिन कमी बनते. बरीच वर्षे ही कृमीचीच खासियत मानली गेली. २००० साली लेट-७ हा तसाच दुसरा रेणू सापडला आणि तो माणसापासून माशीपर्यंत जवळजवळ जसाच्या तसा आहे असे दिसले, तेव्हा सगळ्यांची दृष्टी बदलली. अँब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. आता या रेणूचे काम जरा जवळून पाहा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. पेशीच्या केंद्रकात आधी एक लांब आरएनए बनतो, तो स्वतःवरच दुमडून केसाच्या पिनेसारखा आकार घेतो. ड्रोशा नावाचे एन्झाइम ती पिन छाटून वेगळी करते. ती केंद्रकाबाहेर आली की डायसर नावाचे दुसरे एन्झाइम तिचे टोक कापते आणि सुमारे बावीस अक्षरांचा तुकडा उरतो. हा तुकडा आर्गोनॉट या प्रथिनात जाऊन बसतो. त्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात अक्षरे ज्या संदेशाच्या शेवटच्या भागात जुळतील, तो संदेश दाबला जातो किंवा नष्ट होतो. जुळावी लागतात ती एवढी सातच अक्षरे. सात अक्षरांची जुळणी पेशीतल्या शेकडो संदेशांत सापडते. म्हणजे एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना हात लावतो, आणि एकेका जनुकावर अनेक मायक्रोआरएनएंचा हात असतो. माणसाच्या प्रथिने बनवणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून जास्त जनुके अशा नियंत्रणाखाली आहेत.

कर्करोगाशी त्यांचा संबंध पहिल्यांदा दिसला तो रक्ताच्या कर्करोगात. २००२ साली कॅलिन आणि क्रोचे यांनी दाखवले की, एका दीर्घकालीन ल्युकेमियात तेराव्या गुणसूत्राचा जो तुकडा वारंवार गळतो, त्याच तुकड्यावर मिर-१५ आणि मिर-१६ हे दोन मायक्रोआरएनए आहेत. लगेच पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने आतड्याच्या गाठी तपासल्या. शेजारच्या निरोगी अस्तराच्या तुलनेत गाठीत मिर-१४३ आणि मिर-१४५ हे दोन रेणू फार कमी आढळले. मग नोंदींची रीघच लागली. मिर-२१ गाठीत वाढलेला. मिर-१७-९२ हा सहा रेणूंचा गट वाढलेला. तो ज्या तेराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर आहे, तो बाहू ल्युकेमियात एका जागी तुटतो आणि आतड्याच्या कर्करोगात मात्र अनेकदा जादा प्रतींत सापडतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. मिर-१३५ वाढलेला, आणि तो थेट एपीसीचाच संदेश दाबतो. उलट बाजूला केरासला आवर घालणारा लेट-७ कमी झालेला. पी-५३ च्या हुकमाने बनणारा मिर-३४ कमी झालेला. अशा दोन याद्या तयार झाल्या. एकीवर नाव पडले कर्करोग वाढवणारे, दुसरीवर कर्करोग रोखणारे. परीक्षण-लेखांत आणि पाठ्यपुस्तकांत त्या याद्या तशाच उतरल्या.

इथे पहिली शंका निघते, आणि ती रास्त आहे. २००८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी पेशीतली हजारो प्रथिने मोजून पाहिले की, एक मायक्रोआरएनए वाढवला किंवा काढला तर काय होते. शेकडो प्रथिने हलली, पण एकेक फारच थोडे हलले. दुप्पट किंवा निम्म्यापर्यंत पोहोचणारी मोजकीच. मग ज्या रेणूचा धक्का इतका हलका, त्याने कर्करोग वाढतो असे कसे म्हणायचे? माझे उत्तर असे की, आतड्याच्या अस्तराची रचनाच हलक्या धक्क्यांना मोठे करणारी आहे. हे अस्तर म्हणजे लाखो सूक्ष्म खळग्यांची जाळी. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मूठभर मूळ पेशी असतात. त्या विभागतात, नव्या पेशी भिंतीने वर सरकतात, वर पोहोचता पोहोचता विभागणे सोडतात आणि चार-पाच दिवसांत आतड्याच्या पोकळीत गळून पडतात. हे चक्र जन्मभर चालते. विभागण्याचा आणि थांबण्याचा तोल प्रत्येक फेरीत किंचित ढळला, तरी दहा वर्षांत त्याचा हिशेब चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. आणि कर्करोग स्वतःही प्रमाण निवडतो, याचा पुरावा आहे. एपीसी जनुक ज्या रीतीने तुटते ती पाहिली तर असे दिसते की, पेशी ते पूर्णपणे गमावत नाही. वाढीचा इशारा ना फार कमी ना फार जास्त, असा मधल्या पातळीवर ठेवणारे तुकडे गाठीत टिकतात. दुसरा पुरावा उंदरांतला आहे. पीटेन हे वाढीला आवर घालणारे प्रथिन उंदरात एक पंचमांशाने कमी केले, फक्त एक पंचमांशाने, तरी त्या उंदरांत गाठी वाढल्या. मिर-२१ ज्या प्रथिनांना दाबतो त्यांत पीटेन आहे, आणि आतड्याच्या कर्करोगात तपासलेले पीडीसीडी-४ हे दुसरे रोधक प्रथिनही आहे. थोडी घट, पण एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी, आणि सगळीकडे एकाच दिशेने. तेव्हा धक्का हलका असणे हा आक्षेप ठरत नाही. हे रेणू काम करतात त्याची रीतच ती आहे.

दुसरी शंका याहून अवघड. गाठीत एखादा रेणू वाढलेला दिसला, म्हणून त्याने गाठ वाढवली असे होते का? ताप आलेल्या माणसाचे अंग गरम असते, पण अंग गरम झाल्याने आजार झाला असे कुणी म्हणत नाही. या विषयावर छापलेल्या शोधनिबंधांचा मोठा भाग या शंकेपुढे टिकत नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो. पेट्रीडिशमधल्या पेशीत एखादा रेणू निसर्गातल्या पातळीच्या शेकडो पटींनी ओतायचा, पेशी मंदावल्या की त्याला रोधक म्हणायचे, असे प्रयोग शेकड्यांनी झाले आहेत. त्यातून फार थोडे सिद्ध होते. पण काही प्रयोग याहून काटेकोर आहेत. २०१४ साली मिर-१३५ब विषयी असे दाखवले गेले की, एपीसी गेल्यावर तो वाढतो, पीटेनचा मार्ग बिघडल्यावरही वाढतो, आणि आतड्यात गाठी असलेल्या उंदरांना त्याला अडवणारा रेणू दिला की गाठींची वाढ घटते. म्हणजे तो बिघाडाचा परिणाम आहे आणि पुढच्या वाढीचे कारणही आहे. त्याच वर्षी जर्मनीतल्या एका गटाने मिर-३४अ नसलेले उंदीर तपासले. एरवी मिर-३४ नसलेला उंदीर व्यवस्थित जगतो, वाढतो. म्हणून काहींनी या रेणूला बिनमहत्त्वाचा ठरवला होता. या गटाने उंदरांच्या आतड्यात आधी दाह निर्माण केला आणि मग गाठी होऊ दिल्या. ज्यांच्यात मिर-३४अ होता त्यांच्या गाठी जागच्या जागी राहिल्या. ज्यांच्यात नव्हता त्यांच्या गाठी भिंतीत खोल घुसल्या. शांत आतड्यात ज्याचे काम दिसत नाही, त्याचे काम दाह झालेल्या आतड्यात दिसते. कारण की परिणाम, असा प्रश्न टाकताना कोणत्या परिस्थितीत, हेही विचारावे लागते.

आता मी ज्याकडे येत होतो तो भाग. २००३ च्या त्या पहिल्या निरीक्षणाकडे पुन्हा वळू : मिर-१४३ आणि मिर-१४५ गाठीत कमी. पुढे दहा वर्षे अनेक प्रयोगशाळांनी हे निरीक्षण पुन्हा पुन्हा पडताळले आणि ते दरवेळी खरे ठरले. निष्कर्ष उघड वाटत होता. अस्तराच्या पेशीतून हे रक्षक हरवतात, म्हणून त्या मोकाट सुटतात. हे रेणू परत दिले तर कर्करोग आटोक्यात येईल, अशी आशाही लिहिली जाऊ लागली. २०१४ साली जोशुआ मेंडेल यांच्या गटाने एक साधा प्रश्न विचारला : निरोगी आतड्यात हे रेणू असतात कुठे? उत्तर निघाले की ते अस्तराच्या पेशीत जवळजवळ नसतातच. ते असतात अस्तराखालच्या आधार-ऊतीत, स्नायूपेशींत आणि तंतूपेशींत. मग गाठीत ते कमी का दिसत होते? निरोगी आतड्याचा तुकडा दळून तपासला की त्यात अस्तरही येते आणि खालचा स्नायूही. गाठीचा तुकडा दळला की त्यात अस्तराच्या पेशींची गर्दी असते, स्नायू थोडा असतो. रेणू कुठल्याच पेशीतून हरवला नव्हता. तो ज्या पेशींत राहतो त्या पेशीच नमुन्यात कमी होत्या. विचार करा, दहा वर्षांची शेकडो मोजमापे अचूक होती आणि त्यांचा अर्थ चुकला होता.

पण ही गोष्ट इथे संपत नाही, आणि तिचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. याच गटाने हे दोन रेणू नसलेले उंदीर तयार केले. त्यांचे आतडे दिसायला सामान्य होते. पण आतड्याला इजा केली तेव्हा सामान्य उंदरांचे अस्तर पुन्हा भरून आले आणि या उंदरांचे भरून आले नाही. रेणू फक्त अस्तरातून काढला तर काही बिघडले नाही. आधार-ऊतीतून काढला की जखम भरेना. कारणही सापडले. हे रेणू तिथे एका प्रथिनाला दाबून ठेवतात. ते प्रथिन सुटले की अस्तराला वाढीचा इशारा देणारे इन्सुलिनसारखे घटक त्यात अडकून पडतात. म्हणजे शेजारच्या पेशीतला रेणू अस्तराच्या वाढीला मदत करत होता! ज्याला दहा वर्षे वाढ रोखणारा म्हटले, तो आपल्या खऱ्या जागी बसून वाढ शक्य करत होता. यादी करणाऱ्यांनी त्याला कुठल्या यादीत घालायचे? मिर-२१ चीही कथा याच वाटेने गेली. २००८ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमधील ८४ आणि हाँगकाँगमधील ११३ रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. ज्यांच्या गाठीत मिर-२१ जास्त, ते रुग्ण कमी जगले, आणि हे दोन्ही ठिकाणी दिसले. दोन खंडांत जुळलेला असा निष्कर्ष दुर्मीळच. पुढे गाठीच्या पातळ कापांवर थेट रंग चढवून पाहिले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली रंग उमटला तो मुख्यतः कर्करोगाच्या पेशींभोवतीच्या तंतूपेशींत, गाठीच्या पुढे सरकणाऱ्या कडेला. रुग्णाच्या आयुर्मानाशी असलेला संबंध खरा राहिला, पण पत्ता बदलला. ज्याला आपण गाठीचा गुण समजत होतो, तो बऱ्याच अंशी तिच्या शेजाराचा गुण निघाला.

आणि शेजार म्हटला की आतड्यात जिवाणू आलेच. तोंडात आढळणारा फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जिवाणू आतड्याच्या गाठींत वारंवार सापडतो. २०१७ साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवले की, तो पेशीच्या दाह-यंत्रणेमार्फत मिर-२१ वाढवतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका कामातून दिसले की, हाच जिवाणू दोन मायक्रोआरएनए कमी करतो, त्यामुळे पेशीची स्वतःचे भाग पचवून तग धरण्याची क्षमता वाढते आणि केमोथेरपीची औषधे निष्प्रभ ठरतात. जिवाणू आतड्याच्या पोकळीतला, रेणू पेशीतला, आणि परिणाम रुग्णाच्या उपचारावर. ही साखळी जनुकांच्या बिघाडांची यादी कितीही लांबवली तरी तिच्यात सापडली नसती.

तिसरी शंका श्रोत्यांच्या मनात केव्हाची असेल. या सगळ्याचा रुग्णाला उपयोग काय? उत्तर सरळ द्यायला हवे. औषध म्हणून एक मोठा प्रयत्न मिर-३४ चा झाला. २०१३ साली चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरलेला हा रेणू वेगवेगळ्या अवयवांच्या प्रगत कर्करोगाच्या रुग्णांना शिरेतून देणे सुरू झाले. ८५ रुग्णांनी भाग घेतला, तिघांच्या गाठी आकसल्या. पण प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रियांमुळे चार रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. या चार माणसांविषयी बोलताना कोणत्याही शास्त्रीय सबबीचा आडोसा घेऊ नये. रेणू सर्व शरीरात पसरला आणि रक्तातल्या प्रतिकारपेशींतही पोहोचला. जिथे तो हवा होता तिथे, तेवढाच, पोहोचवण्याचे साधन हाती नव्हते. निदानाच्या बाजूला आशा जास्त आहे, पण तिथेही रेणूचे ठिकाण न पाहण्याची चूक होते. रक्तातला मिर-९२अ आतड्याच्या कर्करोगात वाढतो, असे २००९ पासून सांगितले गेले. मिर-९२अ तर लाल रक्तपेशींत भरलेला असतो. रक्त काढताना सुई नीट बसली नाही, नळी जोरात हलली, प्लाझ्माला नुसती गुलाबी छटा आली, की आकडा वर जातो. रुग्णाला काहीही झालेले नसते. अशा चाचणीवर एखाद्या माणसाला कर्करोगाचा संशय सांगायचा? म्हणून मला रक्तापेक्षा शौचाच्या नमुन्यातली तपासणी अधिक विश्वासाची वाटते, कारण अस्तराच्या आणि गाठीच्या पेशी थेट त्यातच गळतात. मात्र तिथे शौचातले अदृश्य रक्त शोधणारी स्वस्त आणि पारखलेली चाचणी आधीच हजर आहे. नव्या चाचणीने तिच्यापेक्षा जास्त पॉलिप वेळेवर पकडून दाखवले पाहिजेत. निरोगी माणसे आणि प्रगत कर्करोगाचे रुग्ण एवढाच फरक ओळखून भागणार नाही.

काही जण म्हणतील, मग हा विषय सोडूनच का देऊ नये? मला वाटते, आता कुठे तो नीट विचारण्याजोगा झाला आहे, आणि त्यातला एक भाग आपल्याकडे होण्यासारखा आहे. भारतात या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे, पण आपल्या रुग्णालयांत येणाऱ्यांत तरुण रुग्णांचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका आहे. आजवरच्या बहुतेक याद्या युरोप, अमेरिका आणि पूर्व आशियातल्या, साठीच्या पुढच्या रुग्णांवरून झाल्या. तिशी-पस्तिशीतल्या रुग्णाच्या गाठीत, तिच्या आधार-ऊतीत, तिच्या जिवाणूंच्या शेजारात हे रेणू तसेच वागतात असे गृहीत धरायला आधार नाही. मायक्रोआरएनए आखूड असतो आणि प्रथिनाच्या कवचात बसलेला असतो, म्हणून तो मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेल्या ऊतीतही वर्षानुवर्षे टिकतो. लांब संदेश तुटून जातात, हा उरतो. मुंबई, पुणे, नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांच्या विकृतीशास्त्र विभागांत असे ठोकळे जपलेले असतात. ते ज्यांचे, त्या रुग्णांचे पुढे काय झाले याच्या नोंदी अनेकदा कागदोपत्री मिळतात. रुग्णांच्या संमतीच्या आणि गोपनीयतेच्या अटी पाळून त्या ठोकळ्यांचे काप काढावेत, ते दळू नयेत. त्यांवर रंग चढवून अनुभवी विकृतीतज्ज्ञाने प्रत्येक कापात वेगवेगळे नोंदवावे : अस्तरात किती, तंतूपेशीत किती, गाठीच्या आत किती आणि कडेला किती. मिर-२१ पासून सुरुवात करावी, कारण त्याच्याविषयी ताडून पाहायला सर्वांत जास्त सामग्री आहे. चाळिशीच्या आतले आणि साठीच्या पुढचे रुग्ण वेगळे ठेवावेत आणि कडेच्या तंतूपेशींतला मिर-२१ दोन्ही गटांत रोग परतण्याविषयी सारखेच सांगतो का, एवढा एकच प्रश्न आधी सोडवावा. यासाठी फार महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतात त्या नीट ठेवलेल्या नोंदी आणि कापाकडे बघणारी दोन तयार माणसे, जी एकमेकांची नोंद न पाहता आपापली नोंद करतील.